मायटॉसिस, परासरण, श्वसन : एफवायच्या जीवशास्त्रात अडलेले चार प्रश्न

सुरंगीचा_वळेसर

नमस्कार. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात एफवाय बीएस्सीला आहे. दहावीपर्यंत गावच्या शाळेत मराठीतून शिकले. अकरावी-बारावीला विज्ञान इंग्रजीतून आलं तेव्हा व्याख्या पाठ करून निभावलं. आता ते चालेनासं झालंय. परवाच्या चाचणीत वीसपैकी सात मिळाले. अभ्यास केला नव्हता असं नाही, रोज रात्री अकरापर्यंत बसत होते. प्रश्न जरा फिरवून आला की पेन थांबतं.

जे चार प्रश्न अडले ते लिहिते.

१. आंब्याच्या पेशीत ४० गुणसूत्रं. विभाजनाआधी डीएनए दुप्पट होतो. मग त्या वेळी गुणसूत्रं ४० म्हणायची की ८०? मी ८० लिहिलं, चूक दिलंय.

२. परासरणात पाणी जास्तीकडून कमीकडे जातं की कमीकडून जास्तीकडे? एका पुस्तकात असं, दुसऱ्यात तसं.

३. झाडं दिवसा प्रकाशसंश्लेषण करतात आणि रात्री श्वसन करतात, असं लिहिलं. त्यावर लाल रेघ.

४. प्रभावी गुण लोकांमध्ये जास्त आढळतो, चूक की बरोबर? मी बरोबर लिहिलं. तेही चूक.

वर्गात विचारलं तर "पुस्तकात आहे, वाचा" एवढंच उत्तर मिळालं. पुस्तकात आहे हे मलाही माहीत आहे, वाचून डोक्यात बसत नाही ही अडचण आहे. तुमच्यापैकी कुणाला हेच अडलं होतं का? कसं सुटलं?

थेट_मुद्दा

मी सध्या एमएस्सी करतोय, म्हणून अनुभवाने सांगतो. आधी पाठ कर. समज मागाहून येते. मायटॉसिस म्हणजे वाढीसाठीचं साधं पेशीविभाजन : दोन पेशी, गुणसूत्रं तेवढीच. मायोसिस म्हणजे प्रजननासाठीचं विभाजन : चार पेशी, गुणसूत्रं निम्मी. एवढा तक्ता भिंतीला चिकटव. मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका सोडव, तेच प्रश्न फिरून फिरून येतात. सात गुणांनी खचून जाऊ नकोस, पहिल्या चाचणीत आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांची हीच गत होती.

खडू_फळा

सुरंगी, मी एकतीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवलं, आता निवृत्त होऊन गुहागरला असते. तू लिहिलेले चारही प्रश्न मला पहिल्या वर्षी मुलांनी विचारले आणि शेवटच्या वर्षीही विचारले. तेव्हा हे फक्त तुलाच कळत नाही असं मनात आणू नकोस.

तिसऱ्यापासून सुरुवात करते, कारण त्याचं उत्तर तुझ्या घरात असेल. तुमच्याकडे आंब्याची अढी घालतात ना? मे महिन्यात पेंढ्यात आंबे लावल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुठला पिकलाय बघायला अढीत हात घालतेस, तेव्हा हाताला काय लागतं? ऊब. माळ्यावर इतर जागी हात ठेवला तर तेवढी ऊब नसते. ती येते कुठून? आंबा झाडावरून उतरवला तरी त्याच्या पेशी जिवंत असतात. त्या साखर जाळतात, ऑक्सिजन घेतात, कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि त्या जळण्यातली थोडी ऊर्जा उष्णता म्हणून बाहेर पडते. हेच श्वसन. भर दुपारीही ते चालू असतं आणि मध्यरात्रीही.

म्हणजे श्वसन चोवीस तास. पानातही, मुळातही, काढलेल्या फळातही. प्रकाशसंश्लेषण फक्त हिरव्या भागात आणि फक्त उजेडात. दिवसा पान जेवढा कार्बन डायऑक्साइड श्वसनाने सोडतं, त्याहून बराच जास्त प्रकाशसंश्लेषणासाठी वापरतं, म्हणून बाहेरून बघणाऱ्याला फक्त ऑक्सिजन बाहेर येताना दिसतो. रात्री एकच काम उरतं, म्हणून तेवढंच दिसतं. तुझ्या वाक्यात "रात्री श्वसन" हे चूक नाही, "दिवसा श्वसन नाही" असा जो अर्थ त्यातून निघतो तो चूक आहे. लाल रेघ त्यासाठी.

आणखी एक. श्वास घेणं आणि श्वसन हे दोन वेगळे शब्द समज. छाती खालीवर होते तो श्वासोच्छ्वास. पेशीच्या आत, तंतुकणिकेत (मायटोकाँड्रियात) साखर जळून एटीपी, म्हणजे पेशीला वापरता येणारी ऊर्जा, तयार होतं ते श्वसन. आंब्याला छाती नाही, तरी तो श्वसन करतो.

चाकरमानी_भांडुप

बाई, अढीचं वाचून माळ्यावरचा वास आला! आजी आम्हाला अढीला हात लावू द्यायची नाही, "सारखी उघडू नका, ऊब जाते" म्हणायची. कारण आज कळलं.

खडू_फळा

आजींचं बरोबरच होतं. ऊब जाते आणि एथिलीनही जातं. पिकणारा आंबा हा वायू सोडतो आणि शेजारच्या आंब्याला पिकायला लावतो. पेंढ्यात तो कोंडून राहतो.

लाल_पेशी

मी सिंधुदुर्गात एका रक्त तपासणी प्रयोगशाळेत काम करते. दुसरा आणि चौथा प्रश्न माझ्या रोजच्या कामातले आहेत, म्हणून लिहिते.

परासरण आधी. कॉलेजात आम्ही तीन नळ्यांचा प्रयोग करायचो. पहिल्या नळीत ०.९ टक्के मिठाचं पाणी, म्हणजे रुग्णाला लावतात ते सलाईन. दुसरीत नुसतं ऊर्ध्वपातित पाणी. तिसरीत ३ टक्के मिठाचं पाणी. तिन्हींत रक्ताचा एक एक थेंब टाकायचा आणि नळीच्या मागे छापील कागद धरायचा. पहिल्या नळीतलं पाणी गढूळ लाल, मागची अक्षरं दिसत नाहीत, कारण पेशी अखंड तरंगतायत. दुसऱ्या नळीत काही क्षणांत द्रव सरबतासारखा स्वच्छ लाल होतो आणि मागची अक्षरं वाचता येतात. पेशींत पाणी शिरून त्या फुटल्या, आतलं हिमोग्लोबिन पाण्यात मिसळलं. तिसरीतला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली घेतला तर पेशी चुरमडून कडेला काटेरी झालेल्या दिसतात. पाणी बाहेर गेलं.

आता "जास्तीकडून कमीकडे" आणि "कमीकडून जास्तीकडे" यांचं भांडण. जास्त काय, हे विचार. पाणी मोजलंस तर जास्त पाण्याकडून कमी पाण्याकडे. मीठ मोजलंस तर कमी मिठाकडून जास्त मिठाकडे. दोन्ही वाक्यं एकच गोष्ट सांगतात, फक्त मोजायची वस्तू बदलली. वाक्य लिहिताना "कशाचं प्रमाण" हे शब्द कधीही गाळू नकोस, आणि पाणी अर्धपार्य पटलातून, म्हणजे पाणी जाऊ देणाऱ्या पण मीठ अडवणाऱ्या पडद्यातून, जातं हेही लिही.

चौथा प्रश्न रक्तगटावरून बघ. ओ गट अप्रभावी आहे, ए आणि बी प्रभावी. तरी आपल्याकडे सर्वाधिक आढळणाऱ्या गटांत ओ आहेच. उलट बाजूने, हाताला सहावं बोट येण्याचा गुण बऱ्याच घराण्यांत प्रभावी असतो, पण सहा बोटांची माणसं आपल्याला किती दिसतात? प्रभावी याचा अर्थ एवढाच, की दोन वेगळी रूपं एकत्र आली तर कुठलं दिसेल. ते रूप समाजात किती पसरलंय हा वेगळा हिशोब.

हे मी पोटतिडकीने सांगते, कारण याचा लोकांच्या घरात त्रास होतो. आईचा गट ए, वडिलांचा बी आणि बाळाचा ओ आला, की काही घरांत कुजबुज सुरू होते. मी अशा नातेवाइकांना बाकावर बसवून कागदावर चौकट काढून दाखवलीय. आईकडे ए आणि ओ, वडिलांकडे बी आणि ओ, दोघांकडून बाळाला ओ मिळाला. चारांत एकदा असं होऊ शकतं. त्या चौकटीने एक घर तरी शांत झालेलं मी पाहिलंय. त्यामुळे हा धडा दोन गुणांसाठी करू नकोस.

सुरंगीचा_वळेसर

लाल_पेशी ताई, तीन नळ्या डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या. सध्या आई कैरीला मीठ लावून ठेवते, सकाळी पातेल्यात पाणी सुटलेलं असतं. तेही हेच ना? मग लोणच्याची फोड आतून खारट कशी लागते? पाणी बाहेर येतं, मीठ तर आत जायला नको.

लाल_पेशी

छान प्रश्न. सुरुवातीला पाणी बाहेर येतं ते परासरणाने. पण इतकं पाणी गेलं की पेशी मरतात, आणि मेलेल्या पेशीचं पटल काही अडवू शकत नाही. मग मीठ सरळ आत जातं, ते विसरण, म्हणजे जास्त प्रमाणाकडून कमीकडे पसरणं. खारवलेल्या मासळीला जिवाणू लवकर लागत नाहीत त्याचं एक कारणही हेच, मिठाच्या सान्निध्यात जिवाणूच्या पेशीतलंच पाणी ओढलं जातं.

मालवणी_मेवो

आणि वाल भिजत घातले की फुगतत, ताय परासरणच ना?

खडू_फळा

अर्धं बरोबर. कोरडा कडवा वाल पाण्यात टाकल्यावर पहिल्यांदा जे फुगणं होतं ते अंतःशोषण. बीमधली प्रथिनं आणि स्टार्च कोरड्या स्पंजासारखी पाणी ओढतात, त्याला जिवंत पटल लागत नाही. मेलेला वालही भिजवला तर फुगतो. मोड यायला मात्र बी जिवंत हवं. परीक्षेत मनुका आणि वाल एकाच उदाहरणात घालू नका. भिजवलेली मनुका परासरणाचं उदाहरण म्हणून देतात, कोरडं बी अंतःशोषणाचं.

खारेपाटची_सून

मी शास्त्र शिकले नाही, बारावी कलाशाखा. पण मिठाचं आणि पाण्याचं वाचून राहवलं नाही. माझं सासर पेणजवळ खारेपाटात. एका वर्षी उधाणाला बांध फुटला आणि खाडीचं पाणी भातात शिरलं. गुडघाभर पाण्यात उभं भात आठवड्यात पिवळं पडून करपलं. मी सासऱ्यांना विचारलं, एवढं पाणी असून सुकलं कसं? ते म्हणाले, पाणी आहे पण पिता येत नाही. तेव्हा ते मला नुसतं बोलणं वाटलं होतं. तुमच्या नळ्या वाचल्यावर वाटतंय, ते अगदी शास्त्र बोलत होते.

खडू_फळा

ताई, याहून चांगलं उदाहरण मी एकतीस वर्षांत दिलं नाही. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. भाताच्या मुळातल्या पेशीरसाहून बाहेरचं पाणी खारट झालं, की मूळ पाणी ओढू शकत नाही. पाण्यात उभं राहून दुष्काळ. पुस्तकात याला शरीरक्रियात्मक शुष्कता म्हणतात. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्रातून क्षार सोसणाऱ्या भाताच्या जाती निघाल्या, पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३, त्या याच अडचणीसाठी.

पागवाला

मग खाडीतली झाडं कशी जगतात हेही सांगतो. ओहोटीला तिवराचं पान तोडून जिभेला लावून बघ. खारट लागतं. उन्हाच्या दिवसांत पानावर मिठाचे कण हाताला लागतात. तिवर मीठ आत घेतो आणि पानावरच्या ग्रंथींतून बाहेर टाकतो. कांदळाची तऱ्हा निराळी, तो बरंचसं मीठ मुळाशीच अडवतो. कांदळाची बी झाडावर असतानाच रुजते आणि हिरव्या शेंगेसारखी लोंबते, भरतीला पडली की चिखलात रुतते नाहीतर वाहत जाते. २०२० मध्ये पांढऱ्या चिप्पीला महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष म्हणून मान मिळाला. ती चिप्पी आमच्या धक्क्यासमोर उभी आहे.

मासळीचंही असंच आहे. जिताडा खाडीतून गोड्या पाण्यात जातो आणि अंडी घालायला खारट पाण्याकडे परततो. गोड्या पाण्यात असताना पाणी आपोआप अंगात शिरतं, म्हणून तो पाणी पीत नाही आणि पातळ लघवी भरपूर करतो. समुद्रात पाणी अंगातून जातं, म्हणून समुद्राचं पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांतून टाकतो. मुशीची, म्हणजे लहान शार्कची, युक्ती वेगळी. ती रक्तात युरिया साठवून रक्त समुद्राच्या बरोबरीला आणते. मेल्यावर जिवाणू त्या युरियाचा अमोनिया करतात. शिळी मुशी चिरताना नाकाला जो झोंबरा वास येतो तो त्याचा. आमच्या घरच्या बायकांना हे नाकाने कळतं.

थेट_मुद्दा

सगळं वाचायला सुंदर आहे, पण मला एक स्पष्ट बोलू द्या. पेपर इंग्रजीत आहे. उत्तरात मुशी आणि अढी लिहून गुण मिळत नाहीत. व्याख्या, आकृती, नेमका पारिभाषिक शब्द, यांना गुण आहेत. गावाकडून आलेली मुलं हुशार असून मागे पडतात ती नेमक्या इंग्रजी शब्दावाचून. माझंच तसं झालं होतं, दोन विषय राहिले होते. म्हणून पाठांतराला कमी लेखू नका, ही कळकळीची विनंती आहे.

खडू_फळा

तुमचं दुःख मला कळतं आणि शब्दांविषयी तुमचं म्हणणं खरं आहे. शब्द पाठ हवेतच. पण सुरंगीने व्याख्या पाठ केल्या होत्या, तरी तिला सातच मिळाले. शब्द होता, त्यामागची वस्तू नव्हती. आधी अढीतली ऊब, मग तिला रेस्पिरेशन हे नाव. या क्रमाने शब्द विसरला जात नाही.

मी वर्गात वहीच्या डाव्या पानावर मराठीत "काय आत गेलं, काय बाहेर आलं, कुठे घडलं" एवढं लिहायला लावायचे. उजव्या पानावर तेच इंग्रजीत, चार-चार शब्दांच्या वाक्यांत. लांब वाक्यं नाहीत. पेपरात उजवं पान उतरतं, पण ते आठवतं डाव्या पानामुळे.

थेट_मुद्दा

डावं-उजवं पान पटलं. मला त्या वेळी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

कोयकलम

देवगड तालुक्यात आमची कलमांची बाग आहे, तीन पिढ्या तेच करतोय. मायटॉसिस-मायोसिसचं माझ्या मुलीला मी कलमावरून सांगितलं, ते इथे देतो.

पाऊस लागला की कोयी रुजत घालतो. कोंब वर येतो तेव्हा तांब्याच्या भांड्यासारखा लालसर असतो, पानंही लालच. तो कोवळा असतानाच वरून छाटायचा, मधोमध चीर द्यायची, हापूसच्या झाडावरची डोळे फुगलेली काडी पाचरीसारखी तासून त्यात बसवायची आणि प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायची. बोटाला जर जाणवलं की साल सालीला भिडलेली नाही, तर ते कलम जगत नाही. खालचा खुंट रायवळ, वरची काडी हापूस. ती काडी वाढते, फांद्या होतात, काही वर्षांनी आंबे लागतात ते हापूसच. कारण काडीतली प्रत्येक पेशी आधीच्या पेशीची हुबेहूब नक्कल. हे मायटॉसिस. कोकणातला कलमी हापूस म्हणजे काड्यांमागून काड्यांनी वाढत आलेलं झाड.

आणि त्याच हापूसची कोय लावली तर? कधी आंबट, कधी शेपूचा वास, कधी नुसता रेषाळ. दहा कोयी लावा, दहा तऱ्हेचे आंबे. पत्त्यांचा जोड पिसून अर्धी पानं आईची, अर्धी बापाची. हे मायोसिस.

दरवर्षी लोक विचारतात, खुंट आंबट असेल तर आंबे आंबट होतील का. नाही होत. खुंट पाणी देतो, झाडाचा जोर कमीजास्त करतो, पण फूल काडीचं, म्हणून आंब्याची जात काडीची.

खडू_फळा

कलमाचं उदाहरण मी वाचून परत वाचलं. त्यात दोन गोष्टी जोडते, कारण परीक्षक तिथेच पकडतात.

कोय रुजते तेव्हा मायोसिस होत नाही. मायोसिस झालं मोहोरात, परागकण आणि बीजांड तयार होताना. मग फलन होऊन कोयीतला भ्रूण झाला. त्या भ्रूणाचं झाड होतं ते मायटॉसिसनेच. "कोय म्हणजे मायोसिस" असं लिहू नये, "कोयीमागे मायोसिस आहे" म्हणावं.

दुसरं, सगळ्या आंब्यांच्या कोयी अशा वागत नाहीत. हापूस एकभ्रूणी आहे, म्हणजे एका कोयीत एकच भ्रूण. केरळातल्या ओलूर, चंद्रकरण अशा जाती बहुभ्रूणी, त्यांच्या एका कोयीतून अनेक कोंब येतात आणि त्यातले बरेचसे आईच्या ऊतीपासून झालेले, म्हणजे आईसारखेच असतात.

कोयकलम

मान्य बाई. मोहोराचं मी मुलीला सांगायचं राहिलं होतं, आज सांगतो. दापोलीच्या विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून रत्ना काढला, मग रत्ना आणि हापूस यांच्यातून सिंधू, ज्याची कोय अगदी पातळ. संकर मोहोरावर होतो, हे आम्ही रोज बोलतो आणि तरी कोयीलाच मायोसिस म्हणून बसलो.

चाकरमानी_भांडुप

एक विचारतो. केळ्याला बी का नसते? कोयीवरून आठवलं.

खडू_फळा

आपण खातो त्या बहुतेक केळ्यांत गुणसूत्रांचे तीन संच असतात, ११ गुणिले ३, म्हणजे ३३. मायोसिसमध्ये गुणसूत्रांच्या जोड्या जुळाव्या लागतात. तिघांची जोडी कशी जुळणार? धड परागकण आणि बीजांडं होत नाहीत, म्हणून बी नाही. केळीची लागवड मुनव्यांनी, म्हणजे तीही मायटॉसिसवर.

तीन संचांचं आणखी एक उदाहरण शहाळ्यात आहे. नारळाचं पाणी आणि खोबरं दोन्ही भ्रूणपोष, म्हणजे वाढत्या भ्रूणाचं अन्न. परागकणातल्या एका नरयुग्मकाचं बीजांडातल्या अंडपेशीशी मीलन होऊन भ्रूण होतो, दुसऱ्याचं दोन ध्रुवीय केंद्रकांशी होऊन तीन संचांचा भ्रूणपोष. हे दुहेरी फलन १८९८ मध्ये नवाशिन यांनी दाखवलं. नारळाच्या पेशीत ३२ गुणसूत्रं, त्याच्या खोबऱ्यात ४८. एफवायला हा हिशोब हमखास विचारतात.

मालवणी_मेवो

मगे काजीचो बोंडू? तो फळ न्हय म्हणतत. आमी ल्हानपणापासून फळ म्हणान खातंव.

पागवाला

खरं फळ ती खाली लोंबणारी बी. बोंडू म्हणजे फुगलेला देठ. फणस तर एक फळच नाही, अख्ख्या फुलोऱ्याचं मिळून झालेलं आहे. एक गरा म्हणजे एक फूल, आणि गऱ्यांमधले पिवळट धागे म्हणजे फळ न धरलेली फुलं.

मालवणी_मेवो

फणस फोडताना एवढी फुलां फेकलंय मी! आता भाचीक दाखवतलंय.

पागवाला

एक शंका मलाही आहे. तिवराची मुळं चिखलातून खिळ्यांसारखी वर येतात. भाचा शाळेत लिहून आला, "चिखलात हवा मिळत नाही म्हणून झाडाने मुळं वर काढली." बाईंनी अर्धा गुण कापला. चूक काय?

खडू_फळा

"म्हणून काढली" हे चूक. झाडाला गरज कळत नाही. ज्या झाडांची काही मुळं योगायोगाने चिखलावर येत होती, त्यांना ऑक्सिजन मिळाला, ती जगली, त्यांची पिलावळ जास्त झाली. पिढ्यान् पिढ्या हे होत राहिलं आणि आज तिवर असा दिसतो. उत्तरात लिहायचं : वैविध्य आधीपासून होतं, परिस्थितीने निवडलं, गुण पुढच्या पिढीत उतरला. भाच्याला सांगा, ही चूक पदवीची मुलंही करतात.

सुरंगीचा_वळेसर

मी तीन दिवस सगळं वाचतेय आणि वहीच्या डाव्या पानावर उतरवतेय. अढी, कैरी, खारेपाट, कलम, सगळं लिहिलं. पण माझा पहिला प्रश्न राहिला. ४० की ८०?

खडू_फळा

बाळ, माफ कर, मुद्दाम मागे ठेवला होता, मग केळ्यात रमले. आता केळ्यावरच सांगते.

घडात कधी जोडकेळं येतं, एकाच सालीत दोन केळी. त्याला देठ किती? एक. आता नियम असा धर, की केळी मोजायची नाहीत, देठ मोजायचे. गुणसूत्राचा देठ म्हणजे गुणसूत्रबिंदू, सेंट्रोमिअर.

आंब्याच्या मुळाची पेशी घे. सुरुवातीला ४० एकेरी केळी, ४० देठ. डीएनए दुप्पट झाला की ४० जोडकेळी. देठ अजून ४०. म्हणून गुणसूत्रं ४०, त्यांतले अर्धगुणसूत्र (क्रोमॅटिड, म्हणजे जोडातलं एकेक केळं) ८०. पश्चावस्थेत (ॲनाफेज, गुणसूत्रं पेशीच्या दोन टोकांना ओढली जातात ती अवस्था) जोडकेळं फाटतं, दोघांना आपापला देठ येतो, त्या क्षणी पेशीत खरोखर ८०. मग दोन बाजूंना ४०-४०, आणि पेशी दोन. तू ८० लिहिलंस ते एका अवस्थेला खरं आहे, तुला विचारलेल्या अवस्थेला नाही.

मायोसिसमध्ये ती ४० जोडकेळी आधी दोन-दोन करून २० जोड्यांत उभी राहतात, एक आईकडचं, एक वडिलांकडचं. पहिल्या विभाजनात जोडकेळं फाटत नाही. अख्खं जोडकेळं एका बाजूला, त्याचा जोडीदार दुसऱ्या बाजूला. म्हणजे प्रत्येकीकडे २० देठ. दुसऱ्या विभाजनात जोडकेळी फाटतात. चार पेशी, प्रत्येकीत २०.

वहीत हे आकृतीने काढ, पण ४० काढत बसू नकोस. चार केळी घे, दोन लांब, दोन आखूड, दोन रंगांची.

सुरंगीचा_वळेसर

काढलं. निळ्या आणि लाल पेनने, लांब-आखूड. मग स्वतःलाच प्रश्न घातला : कांद्याच्या मुळाच्या पेशीत १६ गुणसूत्रं. पश्चावस्थेत किती? देठ मोजले, ३२. मायोसिसच्या पहिल्या विभाजनानंतर एका पेशीत? ८, पण अजून जोडकेळी, म्हणून अर्धगुणसूत्र १६. कांद्याच्या परागकणात ८. भ्रूणपोषात २४. बरोबर आहे का बाई?

खडू_फळा

सगळं बरोबर. भ्रूणपोषाचं तर मी विचारलंही नव्हतं.

थेट_मुद्दा

सुरंगी, हीच आकृती उजव्या पानावर इंग्रजी नावांनी काढ : सेंट्रोमिअर, सिस्टर क्रोमॅटिड, होमोलोगस पेअर. हे तीन शब्द लिहिलेस तर कुणी गुण कापू शकणार नाही. पुढच्या चाचणीला माझ्या जुन्या प्रश्नपत्रिका हव्या असतील तर निरोप कर, पाठवतो.

सुरंगीचा_वळेसर

हव्यात दादा, नक्की निरोप करते. पुढच्या आठवड्यात कांद्याच्या मुळाच्या टोकाचं प्रात्यक्षिक आहे. घरी चार ग्लासांवर चार कांदे ठेवलेत, बूड जेमतेम पाण्याला टेकेल असे. दोघांना आज मुळं फुटली, पांढरी, नखाएवढी. आई म्हणते बाकीचे दोन जुने आहेत, भाजीत घाल.

लाल_पेशी

पाणी रोज बदल, नाहीतर बूड कुजतं. मुळं सकाळी काप, आणि फक्त टोक घे, विभाजन तिथेच दिसतं. काच ठेवल्यावर अंगठ्याने सरळ दाब, बाजूला सरकवू नकोस.

सुरंगीचा_वळेसर

लिहून घेतलं, डाव्या पानावर.